खरेदीच्या गर्दीतला थांबा : पुण्याच्या लक्ष्मी रस्ता परिसरातील एका उपाहारगृहाचे प्रकरण

पार्श्वभूमी

लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई ही नावे पुण्यात वेगवेगळी घेतली जात असली, तरी खरेदीला निघालेल्या कुटुंबाच्या लेखी तो एकच परिसर असतो. साड्या आणि दागिने लक्ष्मी रस्त्यावर, भांडी, पूजेचे साहित्य, बांगड्या आणि भातुकली तुळशीबागेत, फळे-भाजी मंडईत, अशी विभागणी कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर आजही पुण्याबाहेरून, अगदी लगतच्या जिल्ह्यांतूनही, आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे घर इथे येते आणि सकाळी अकराला सुरू झालेली खरेदी दिवेलागणीपर्यंत चालते.

हा परिसर मोटारींच्या फार आधीचा आहे. तुळशीबागेतील राममंदिराचे काम नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी १७६१ मध्ये सुरू केले आणि मंडईची इमारत १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने खुली झाली. आजूबाजूच्या गल्ल्यांतील जुनी दुकाने तोंडाला अरुंद आणि आत खोल आहेत, त्यांना उभट लाकडी जिने आहेत आणि न्हाणी-मोरी अगदी मागच्या टोकाला आहे. पुढे सांगितलेल्या प्रत्येक निर्णयावर या रचनेचा परिणाम झालेला दिसेल, म्हणून तिचा उल्लेख आधीच केला.

प्रस्तुत प्रकरण अशाच एका गल्लीतील शाकाहारी उपाहारगृहाचे आहे. चालकांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील आणि नाती बदलली आहेत. मालकांच्या वडिलांनी सुरू केलेल्या या उपाहारगृहात तळमजल्यावर बाकडी-टेबले, मागे भटारखाना आणि वर ठेंगण्या छताचा एक माळा होता. जागा पागडीची, म्हणजे जुन्या पद्धतीने एकरकमी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली होती. गिऱ्हाईक मुख्यतः बाजारातलेच होते. दुकानदार, त्यांच्याकडची विक्रेती मुले-मुली, हमाल आणि पार्सल पोहोचवणारी मंडळी दुपारी येत, राईस प्लेट किंवा उसळ-पाव खाऊन वीसेक मिनिटांत उठत आणि बिलाचे पैसे मालकांच्या गल्ल्यावर ठेवून कामाला परतत. सोमवारी बाजार बंद असल्याने उपाहारगृहही बंद असे.

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवला. मुलांचे हात सोडून निवांत चालणारी कुटुंबे लक्ष्मी रस्त्यावर एरवी दिसत नाहीत, त्या दिवशी ती दिसली. मालकांच्या सुनेने, ज्या तेव्हा नुकत्याच व्यवसायात लक्ष घालू लागल्या होत्या, त्या दिवशी दारात उभे राहून एक गोष्ट टिपली. लहान मुले बरोबर असलेली कितीतरी कुटुंबे आत डोकावत, जागा पाहत आणि पुढे निघून जात. त्यांना आत यावेसे का वाटत नाही, या प्रश्नापासून पुढचे सगळे सुरू झाले. काही महिन्यांनी सल्ल्यासाठी त्यांनी मला बोलावले.

अडचण

सुरुवातीला अडचण मांडली गेली ती अशी : करोनाच्या काळानंतर दुपारचे ठरलेले गिऱ्हाईक कमी झाले आहे, बाजारातली बरीच मुले घरून डबा आणू लागली आहेत, तेव्हा कुटुंबांना आकर्षित करण्यासाठी मुलांना खेळायची जागा करावी. मॉलमध्ये तशी जागा असते आणि लोक तिकडे जातात, हा त्यामागचा विचार होता.

कुटुंबे खेळायला जागा नाही म्हणून पुढे जातात का, हे मात्र कोणी विचारले नव्हते. म्हणून पहिले काम ठरले ते दारातून परत फिरणाऱ्यांशी बोलण्याचे. सूनबाई आणि एक जुने वेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, यांनी काही शनिवार-रविवार हे काम केले. उत्तरे बहुतेक एकाच दिशेची होती. पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असे, आणि तो विचारणाऱ्या बहुधा स्त्रिया असत. साडीच्या दुकानात तीन-चार तास बसलेल्या बाईला, बरोबरच्या चार वर्षांच्या मुलीला आणि साठी उलटलेल्या सासूबाईंना एकाच वेळी ही गरज असते, आणि या बाजारात ती भागवण्याची सोय अतिशय तुटपुंजी आहे. दुसरा प्रश्न मुलाला खाता येईल असे तिखट नसलेले काय आहे, हा. तिसरा, हातातल्या पिशव्या कुठे ठेवायच्या. आजोबांना टेकून बसता येईल अशी खुर्ची आहे का, असेही काहींनी विचारले. खेळायला जागा आहे का, हे क्वचितच कोणी विचारले.

या नोंदींनी प्रश्नाचे रूपच बदलले. खरेदीच्या मधोमध थकलेल्या कुटुंबाला विसावा हवा असतो. मुले रडतात ती कंटाळ्याने जितकी, त्याहून अधिक भुकेने, उकाड्याने आणि लघवी धरून ठेवल्याने रडतात, हे त्या घरातल्या प्रत्येकीला ठाऊक होते. पण धंद्याचा विचार करताना ते बाजूला राहिले होते.

आणखी एक अडचण घरातच होती. मालकांना जुने गिऱ्हाईक दुखवायचे नव्हते. वीस मिनिटांत उठणारे गिऱ्हाईक आणि तासभर बसणारे कुटुंब यांचे गणित एका टेबलावर जुळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. अडचणीच्या दिवसांत उधारी सांभाळून, टाळेबंदीनंतर पहिल्याच दिवशी परत येऊन ज्यांनी हे उपाहारगृह जगवले, त्यांना आता कोपऱ्यात बसवायचे का, हा त्यांचा प्रश्न भावनेचा होता तसाच व्यवहाराचाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न बदलण्याचा होता. त्याची बाजू मालकांचे चिरंजीव मांडत. दुपारचे पार्सल वाढवावे, घरपोच मागणी घेणाऱ्या ॲपवर नाव नोंदवावे आणि बसायच्या जागेचा प्रश्न सोडून द्यावा. खर्च कमी होता. पण गर्दीच्या वेळी त्या गल्लीत दुचाकीही शिरत नाही, त्यामुळे घरपोच सेवेचा वेळ पाळता येईना. शिवाय कमिशन वजा जाता राईस प्लेटच्या पदार्थांत फारसे उरत नव्हते.

दुसरा पर्याय माळ्यावर मुलांसाठी खेळघर करण्याचा होता. घसरगुंडी, प्लास्टिकच्या चेंडूंचे टाके, भिंतीवर कार्टूनची चित्रे. यात सर्वांत जास्त उत्साह होता आणि सर्वांत जास्त धोके. माळ्याचे छत ठेंगणे होते, उन्हाळ्यात तो तापत असे आणि जिन्याच्या पायऱ्या इतक्या उभट होत्या की भरलेला ट्रे घेऊन चढताना मामाही कठड्याला हात लावत. चेंडू धुणे, वरती पूर्णवेळ लक्ष ठेवायला माणूस नेमणे आणि एखादे मूल पडले तर त्याची जबाबदारी, यांचा हिशेब मांडल्यावर हा पर्याय मागे पडला. तो सर्वस्वी वाईट होता असे नाही. तळमजल्यावर मोकळी जागा असणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. या वास्तूत मात्र तो बसत नव्हता.

तिसरा पर्याय माळ्यावर ‘फॅमिली रूम’ करण्याचा, म्हणजे वर कुटुंबे आणि खाली बाजारातले गिऱ्हाईक, अशी विभागणी करण्याचा. पुण्या-मुंबईच्या जुन्या उपाहारगृहांत ही रीत सर्वपरिचित आहे. बायकामुलांना आडोसा मिळावा म्हणून ती पडली.

चौथा पर्याय माझा होता आणि तो कोणालाच फारसा आवडला नाही. उपलब्ध पैसे आधी स्वच्छतागृहावर खर्च करावेत, मग स्वयंपाकावर आणि खेळावर सर्वांत शेवटी, असे मी सुचवले. मागच्या बाजूला भटारखान्याला लागून एकच भारतीय पद्धतीचा संडास होता, तिथे जायला भांडी घासायच्या जागेतून वाट काढावी लागे आणि दाराची कडी धड लागत नव्हती. मालकांचा आक्षेप असा की संडासावर केलेला खर्च गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसत नाही, पाटीवर लिहिता येत नाही. सूनबाई मात्र काही वेळ गप्प राहून म्हणाल्या, “बाबा, बाहेरच्या बाया आत येऊन पहिलं तेच विचारतायत.”

पागडीच्या जागेमुळे यात कायद्याचा मुद्दाही होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने केलेले कायमस्वरूपी बांधकाम हे जागेचा ताबा मागण्याचे एक कारण ठरू शकते. तेव्हा आहे त्या जागेत दुरुस्ती करायची की नवीन बांधायचे, आणि कोणाच्या संमतीने, हे आधी ठरवणे भाग होते.

पहिला निर्णय आणि तो का बदलावा लागला

घरात चर्चा होऊन तिसरा पर्याय निवडला गेला. त्याला वेळ आणि पैसा कमी लागत होता आणि जुन्या गिऱ्हाइकाला धक्का बसत नव्हता. माळ्याला रंग दिला, पंखे बदलले, चार टेबले टाकली आणि जिन्यापाशी ‘फॅमिलीसाठी वर जागा आहे’ अशी पाटी लावली.

दोन-तीन महिन्यांतच त्याचा दोष उघड झाला. गुडघे दुखणाऱ्या आजी जिना पाहूनच परत फिरत. ज्या चढत त्या उतरताना घाबरत. दोन वर्षांच्या मुलाची आई जेवताना एक डोळा जिन्यावर ठेवी, म्हणजे जिला विसावा हवा तिलाच तो मिळत नव्हता. स्वच्छतागृह खालीच, भांड्यांच्या पलीकडे. वर जेवण पोहोचायला उशीर लागे, गरम आमटीचे वाडगे जिन्यावरून नेणे जोखमीचे होते आणि वेटर वर जायला टाळाटाळ करू लागले.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. ‘फॅमिली रूम’ची रीत ज्या काळी पडली तेव्हा स्त्रीला उपाहारगृहात आडोसा हवा होता. त्या रीतीत कुटुंब हे गिऱ्हाइकांतले अपवादात्मक आणि झाकून बसवायचे गिऱ्हाईक होते. आज बस्त्याला आलेल्या बाईला आडोशाची गरज नाही. तिला दाराजवळ, सपाट जमिनीवर, स्वच्छतागृहाच्या सोयीच्या अंतरावर जागा हवी आहे. जुनी मांडणी आपण गरज तपासल्याशिवाय उचलतो, कारण ती परिचित असते आणि तिला कोणी हरकत घेत नाही.

पुढचा प्रश्न होता जुन्या गिऱ्हाइकाला वर पाठवायचे का. मालकांनी ते साफ नाकारले. तोडगा निघाला तो गल्ल्यावरच्या वहीतून. कोणत्या वेळी कोण जेवते याच्या नोंदी चाळल्यावर दिसले की मंगळवार ते शुक्रवार बाजारातली माणसे साडेबारा ते दोनच्या दरम्यान जेवून जातात, आणि कुटुंबे खरेदीच्या नादात भूक लांबवत दोननंतर येतात. म्हणजे जागेसाठी जे भांडण आहे असे सगळे धरून चालले होते, ते आठवड्यातले चार दिवस अस्तित्वातच नव्हते. जागा मजल्यांनी वाटण्याऐवजी वेळेने वाटली तर दोघांचेही भागत होते.

शनिवार-रविवारी मात्र हा हिशेब मोडत असे. दुकानात गर्दी असल्याने विक्रेत्यांनाही जेवायला अडीच-तीन वाजत आणि दोन्ही गिऱ्हाइके एकाच वेळी दारात येत. त्यावर उपाय म्हणून त्या दोन दिवसांसाठी दुकानांत डबे पोहोचवण्याची सोय केली. सकाळी नोंद घ्यायची, दुपारी स्टीलचे डबे पायी पोहोचवायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. काऊंटर सोडून जेवायला जाणे गर्दीच्या दिवशी त्यांनाही नकोच होते, त्यामुळे हा बदल दुकानदारांनी स्वतःची सोय म्हणून स्वीकारला. ज्यांना तरीही येऊन जेवायचे होते त्यांच्यासाठी माळा राहिला. तरण्या पायांना त्या जिन्याचे काही वाटत नव्हते.

प्रत्यक्ष केलेले बदल

स्वच्छतागृहाचे काम घरमालकाची लेखी संमती घेऊन आहे त्याच जागेत झाले. भांडी घासायची जागा एका बाजूला सरकवून स्वतंत्र वाट काढली, कमोड बसवला, आजी-आजोबांसाठी भिंतीला धरायचा दांडा लावला, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर दुसरे बेसिन बसवले आणि बाळाचे कपडे बदलायला भिंतीला दुमडणारी फळी लावली. सॅनिटरी पॅड टाकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवला. दर तासाला सफाई होते की नाही याची सही करायचा तक्ता लावला आणि त्यासाठी एक मावशी नेमल्या. जेवण न घेणाऱ्या बाईने विचारले तरी नाही म्हणायचे नाही, हा नियम सूनबाईंनी केला. त्यावर घरात बराच वाद झाला, पण तो नियम टिकला.

स्वयंपाकात केलेला बदल बाहेरून किरकोळ वाटेल, परंतु आचाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा होता. त्यांच्या सगळ्या उसळी-भाज्या एकाच तिखट वाटणावर उभ्या होत्या, त्यामुळे “तिखट कमी करा” म्हटले तरी करता येत नसे. आता वरण, मुगाची खिचडी आणि बटाट्याची भाजी तिखट न घालता वेगळी होऊ लागली. अर्ध्या मापाची ताटली आली, तिच्यात वरण-भात-तूप, मऊ पोळी आणि दही-साखर किंवा ताक. मुलाची ताटली सर्वांत आधी आणायची, मोठ्यांची मागणी त्यानंतर घेतली तरी चालेल, हा नियम मामांनी सुचवला आणि तो फार उपयोगी ठरला. मूल खाऊ लागले की टेबल शांत होते आणि मोठी माणसे शांतपणे मागणी देतात.

सुरक्षिततेच्या गोष्टी लिहून भटारखान्यात लावल्या. गरम चहा, आमटी आणि तव्यावरचे पदार्थ मुलाच्या डोक्यावरून द्यायचे नाहीत, टेबलाच्या कडेला ठेवायचे नाहीत. साठ अंशांच्या आसपासचे पाणीही काही सेकंदांत लहान मुलाच्या कातडीला खोलवर भाजू शकते, आणि नुकताच गाळलेला चहा त्याहून कितीतरी गरम असतो. पाच वर्षांखालील मुलांच्या ताटात अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे नकोत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. एक वर्षाखालील बाळासाठी कोणी मध मागितला तरी द्यायचा नाही. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असते हे मागणी घेतानाच सांगायचे. उंच खुर्च्या घेतल्या त्या कमरेला पट्टा असलेल्याच घेतल्या.

पिशव्यांसाठी ‘सामान सांभाळून ठेवू’ अशी सेवा द्यावी, टोकन द्यावे, अशी सूचना होती. बस्त्याच्या पिशवीत भारी शालू आणि कधी दागिनेही असतात, हे लक्षात घेऊन ती नाकारली. त्याऐवजी प्रत्येक टेबलाशेजारी भिंतीला भक्कम फळी आणि आकडे लावले, म्हणजे सामान ज्याचे त्याच्या नजरेसमोरच राहील.

खेळाकडे यानंतर वळले. तुळशीबाग भातुकलीसाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्याच दुकानातून पितळी भातुकली आणून एका पाटात मांडली, जोडीला सापशिडी, सारीपाट, सागरगोटे. मुले रमली, पण पळी-झारा-चिमटे भराभर हरवू लागले आणि इतके बारीक तुकडे रांगत्या मुलांच्या हाती देणे योग्य नव्हते. म्हणून मोठ्या आकाराची लाकडी भांडी आणली आणि पितळी संच मागितल्यावर, पाच वर्षांवरील मुलांनाच, मोजून द्यायचा असे ठरले. भातुकली पाहून मुले तीच विकत घ्या म्हणून हट्ट करतात, अशी तक्रार काही पालकांनी केली.

खरे समाधान देणारी कल्पना मात्र ताटाखाली घालायच्या कागदावर छापलेल्या नकाशाची होती. उपाहारगृहापासून पायी जाता येईल अशी ठिकाणे त्यावर रेखाटली आणि प्रत्येकाशी एक प्रश्न जोडला. मंडईच्या इमारतीला कोन किती? मंडईतला पुतळा कोणाचा? तुळशीबागेच्या मंदिरात कोणता देव आहे? दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या लाकडी दर्शनी भागावर कोणती नक्षी दिसते? बाजीराव रस्त्यावरच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि खेळणी आहेत, आणि दिनकर केळकरांनी ते आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे केले, हेही त्या कागदावर दोन ओळींत आहे. दुपारी आई आणि आत्या साड्या पाहत असताना बाबांनी किंवा आजोबांनी मुलांना घेऊन तासभर कुठे जावे, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळाले. मुलांसाठी सगळे काही आपल्या चार भिंतींत उभे करण्याची गरज नव्हती, कारण आजूबाजूचे शहरच त्यासाठी पुरेसे समृद्ध आहे, आणि हे मुलांना दाखवावेसे वाटणे मला फार मोलाचे वाटते.

दिवाळीच्या आठवड्यातील प्रसंग

बदलांनंतरच्या पहिल्याच दिवाळीत, वसुबारसेच्या सुमारास, दाराजवळच्या टेबलावरचे एक साडेतीन वर्षांचे मूल कोणाच्या लक्षात न येता बाहेर गेले. गल्ली माणसांनी तुडुंब भरलेली होती. मूल काही मिनिटांतच चार दुकाने पलीकडे एका बांगडीवाल्या काकूंजवळ सुखरूप सापडले, पण त्या मिनिटांत त्याच्या आईची जी अवस्था झाली ती तिथे असलेला कोणीही विसरणार नाही.

त्या संध्याकाळीच निर्णय झाले. दाराला कमरेएवढे लाकडी फाटक बसवले आणि दाराजवळच्या दोन टेबलांवर लहान मुलांच्या कुटुंबांना बसवायचे बंद केले. सणाच्या दिवसांत आत येताच मुलाच्या मनगटाला पालकांचा मोबाइल नंबर लिहिलेली कागदी पट्टी बांधायची सोय केली. कोणाला नको असेल तर आग्रह धरायचा नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत तर खेळांचा पाट काढायचाच नाही असेही ठरले. मानाचा चौथा गणपती तुळशीबागेचा आणि विसर्जन मिरवणूक मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्यानेच जाते. त्या दिवसांत लोक दर्शनाला निघालेले असतात, त्यांना पाणी, स्वच्छतागृह आणि पटकन मिळणारे खाणे एवढेच हवे असते.

परिणाम

वर्षभराने पाहता दुपारी दोन ते पाच हा पूर्वी रिकामा जाणारा वेळ भरू लागला होता. राईस प्लेटचे गिऱ्हाईक तुटले नाही. शनिवार-रविवारच्या डब्यांमुळे काही नवी दुकाने जोडली गेली. दर टेबलामागे मिळणारे उत्पन्न कुटुंबांच्या बाबतीत वेळेच्या मानाने कमीच राहिले, मालकांची शंका त्या अर्थाने खरी ठरली. परंतु तो वेळ आधी रिकामा होता, म्हणून एकूण हिशेब फायद्याचा झाला. बस्त्याला आलेली कुटुंबे पुढे केळवणासाठी विचारणा करू लागली, हे कोणी अपेक्षिले नव्हते.

साड्यांच्या दोन दुकानांनी आपले गिऱ्हाईक इकडे पाठवण्याची तयारी दाखवली आणि त्यासाठी कूपन व कमिशनची मागणी केली. मालकांनी नम्रपणे नकार दिला, कारण कमिशनचा भार शेवटी ताटलीच्या किमतीवर पडला असता. एका दुकानाने तरीही, गिऱ्हाइकांनी स्वच्छतागृहाची चौकशी केली की याच उपाहारगृहाचे नाव सांगायला सुरुवात केली.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा खुला झाला आणि मंडई स्थानक परिसराला मिळाले. त्याआधी येणाऱ्यांचा निम्मा जीव वाहनतळावर जागा मिळण्यात अडकलेला असे, वडील गाडीपाशी थांबत आणि बाकीचे घाईघाईत जेवत. मेट्रोने येणारी कुटुंबे जास्त वेळ बसतात असे मामा सांगतात, आणि त्यांत वृद्धांची संख्या वाढली आहे. तळमजला कुटुंबांना देण्याचा निर्णय तोवर झालेला होता, ही चांगली गोष्ट झाली.

वेगळे काय करता आले असते

माळ्यावर झालेला खर्च टाळता आला असता. दारातल्या लोकांनी जे सांगितले त्यात जिन्याचा आणि बसायच्या खुर्चीचा उल्लेख होता. एखाद्या वृद्ध बाईंना एकदा वर नेऊन खाली आणले असते तरी पुरे होते. पाटी लावण्यापूर्वी एवढी परीक्षा घ्यायला हवी होती.

वेटरांशी आधी बोलायला हवे होते, ही त्याहून मोठी उणीव मला वाटते. कुटुंबाच्या टेबलाखाली भात सांडतो, पाणी तीनदा मागितले जाते, बसणे लांबते आणि टिप मात्र वाढत नाही. हा भार कोणावर पडणार याचा विचार घरातल्या चर्चेत आलाच नाही. पहिल्या सहा महिन्यांत दोन मुले काम सोडून गेली. नंतर सफाईसाठी मावशी आल्या, टिप एकत्र करून सगळ्यांत वाटायची पद्धत सुरू झाली आणि दोन ते पाचच्या पाळीचा भत्ता ठरला, तेव्हा कुरबुर थांबली. हे पहिल्या दिवशी ठरवणे अवघड नव्हते.

दाराच्या फाटकासाठी एका मुलाने हरवायची वाट पाहावी लागली, हेही मान्य करायला हवे. तुडुंब गल्लीला लागून असलेल्या जागेत मुले बसवायची तर दाराचा विचार खुर्च्यांच्या आधी व्हायला हवा.

घरमालकाच्या संमतीबाबत उलट गोष्ट आहे. तिला काही आठवडे लागले आणि त्या काळात सगळे अस्वस्थ होते. तरी लेखी कागद हाती येईपर्यंत पहारीचा घाव घालायचा नाही हा मालकांचा आग्रह योग्य होता. तोंडी होकारावर काम सुरू करणारे भाडेकरू पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सोमवारी बाजार बंद असतो, गल्ली मोकळी असते आणि परिसर पाहायला, मंडई-वाडा-संग्रहालय अशी फेरी करायला तोच सर्वांत निवांत दिवस आहे. सूनबाईंना त्या दिवशी सकाळी शाळांच्या छोट्या गटांसाठी नाश्ता आणि नकाशाची फेरी सुरू करायची आहे. मालकांचे म्हणणे असे की आचारी, मामा आणि मावशी यांना आठवड्यातून मिळणारी ती एकच पूर्ण सुटी आहे आणि बदली सुटी मंगळवारी दिली तर घरातल्यांबरोबर ती मिळणार नाही. या वेळी मात्र कामगारांना आधी विचारायचे ठरले असून, त्यांच्याशी बोलणे चालू आहे.